वाचकांचे प्रश्न: गोष्ट सांगणारा अल्बम

प्रश्न: घरात भजनं आणि नाट्यगीतं, गावच्या जत्रेला रात्रभर नाटक. गाण्यातून गोष्ट ऐकायची सवय आहे. मुलगी इंग्रजी इंडी फोक (मोठ्या कंपन्यांबाहेरच्या कलावंतांची, लोकगीतांच्या वळणाची गाणी) ऐकते. तेही आवडतं, पण चौथ्या गाण्यापर्यंत कोण कुणाशी बोलतंय तेच कळेनासं होतं. एकच अल्बम सुचवायचा तर कोणता, आणि तो ऐकावा कसा? (वाचक, फोंडा)

उत्तर: अमेरिकी गायिका-गीतकार अनेइस मिचेल यांचा २०१० सालचा ‘हेडीजटाउन’. गाणी २०, वेळ तासाला थोडा कमी. यात एकेका पात्राला वेगळा गायक आहे, त्यामुळे तुमची अर्धी अडचण तिथेच सुटते.

ऐकण्याआधी गोष्ट शेवटापर्यंत जाणून घ्या. जत्रेच्या नाटकातलं आख्यान प्रेक्षकाला पाठ असतं, तरी तो पहाटेपर्यंत बसतो. कारण कसं सांगतात ते त्याला बघायचं असतं. हा अल्बमही तशाच श्रोत्यासाठी आहे. हर्मीज हा सूत्रधार आहे खरा, पण मोजक्याच गाण्यांत. मधले दुवे तुम्हालाच जोडावे लागतात.

कथा ग्रीक पुराणातली, पण इथे ती अमेरिकेतल्या मंदीच्या दिवसांसारख्या काळात घडते. ऑर्फियस गवई, युरिडिसी त्याची प्रेयसी. घरात खायला नाही. पाताळाचा राजा हेडीज तिला सुखाचं आमिष दाखवतो आणि ती जाते. ऑर्फियस तिच्यामागे पाताळात उतरतो, राजासमोर गातो. राजा विरघळतो, पण अट घालतो: तू पुढे चाल, वर पोचेपर्यंत मागे वळून बघायचं नाही. ऑर्फियस वळतो. आपल्या सावित्रीने यमाला बोलण्यात जिंकलं आणि नवऱ्याला घेऊन आली. हा गाण्याने जिंकतो आणि परतीच्या वाटेवर सगळं घालवून बसतो.

आता आवाज ओळखायला शिका. खर्जातला, जमिनीखालून आल्यासारखा आवाज ग्रेग ब्राऊन यांचा, तोच हेडीज. एकावर एक थर चढवलेला उंच, हळवा आवाज म्हणजे ऑर्फियस. तो बोन इव्हेर या बँडच्या जस्टिन व्हर्नन यांचा. युरिडिसी स्वतः मिचेल, राणी पर्सेफनी अॅनी डिफ्रँको, हर्मीज बेन नॉक्स मिलर. तिघींचा एकजीव आवाज आला की त्या नियतीच्या देवता समजा. गाणाऱ्या हेडन भगिनी खरोखरच तिळ्या आहेत.

पहिलं गाणं सवाल-जवाबाचं आहे. लग्नाच्या अंगठ्या कोण आणणार, पंगत कोण मांडणार, शेज कोण घालणार, असं युरिडिसी विचारते. अंगठ्या नद्या देतील, पंगत झाडं मांडतील, शेज पाखरं घालतील, असं ऑर्फियस सांगतो. धालोच्या (गोव्यातल्या बायकांच्या गाण्या-नाचाच्या) मांडावर दोन ओळींतून आळीपाळीने गाणं ऐकलेल्याला हा घाट लगेच उमगेल. पण त्याच्या उत्तरात पैसा कुठेच नाही, आणि पुढचं सगळं संकट तिथूनच सुरू होतं. हे गाणं दोनदा ऐका.

नववं, ‘व्हाय वी बिल्ड द वॉल’, हा अल्बमचा कणा. हेडीज विचारतो, आपण भिंत का बांधतो? प्रजा झीलकऱ्यांसारखी उत्तर देते. त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघतो, उत्तरांची साखळी लांबत जाते आणि शेवटी फिरून भिंतीपाशीच येते. शब्द इतके साधे आहेत की इंग्रजी कच्चं असलं तरी अडत नाही.

१५ ते १९ ही पाच गाणी मध्ये न थांबता ऐका. आधी राजा-राणीचा वाद, मग ऑर्फियसचं गाणं, मग शब्दांविना एक तुकडा, मग राजाचं स्वगत. सोडलं तर आपण दुबळे ठरू, न सोडलं तर ऑर्फियस हुतात्मा ठरेल, अशा पेचात राजा सापडतो आणि तिथेच अट घालतो. हे अठरावं गाणं निसटलं तर एकोणिसाव्यातली धडधड कळणार नाही, कारण मागे वळण्याचा क्षण कुणी उघड शब्दांत सांगत नाही.

ॲपमध्ये शफल (गाण्यांचा क्रम उलटसुलट करणारी सोय) बंद करा, क्रॉसफेडही शून्यावर ठेवा, नाहीतर एका गाण्याचा शेवट दुसऱ्यात मिसळतो. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. त्यातून खालचे सूर नीट येत नाहीत आणि हेडीजचा दरारा जातो. मडगाव–पणजी शटल बसमध्ये इंजिनाची घरघर तेच करते, पावसात पत्र्याखालीही तसंच. रात्री, हेडफोन लावून ऐका.

प्रश्न: ॲपवर या नावाचे तीन अल्बम दिसतात. त्यातला कोणता? (वाचक, डिचोली)

उत्तर: २० गाण्यांचा, २०१० चा. २०१७ चा अल्बम न्यूयॉर्कच्या नाट्यप्रयोगाचं थेट ध्वनिमुद्रण आहे आणि २०१९ चा ४० गाण्यांचा अल्बम ब्रॉडवेवरच्या (न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीवरच्या) नटसंचाचा. शोधलं की बहुधा तोच आधी येतो. वाईट मुळीच नाही, कथा त्यात जास्त उलगडून सांगितली आहे, पण तो रंगमंचाचा आहे. लोकगीताचा साधेपणा जुन्यात आहे.

प्रश्न: यानंतर काय ऐकू? (वाचक, म्हापसा)

उत्तर: द डिसेंबरिस्ट्स या अमेरिकी बँडचा २००९ चा ‘द हॅझर्ड्स ऑफ लव्ह’. १७ गाणी, गिटार बरीच जड. रूप पालटणारा विल्यम, त्याची मार्गारेट, अरण्याची राणी आणि रेक नावाचा खलपुरुष. फसगत इथे होते: विल्यम आणि रेक ही दोन्ही पात्रं बँडचे गायक कॉलिन मेलॉय हेच गातात, म्हणून पहिल्या खेपेला गीतांचे शब्द समोर ठेवा. रेक स्वतःच्या मुलांना मारतो आणि ते एका गाण्यात सविस्तर येतं. घरात लहान मुलं असतील तर त्यांच्यासमोर लावू नका.