नाव दिसतं, आडनाव लपवावं लागतं

परदेशातल्या मराठी आई-वडिलांचा हा नेहमीचा प्रश्न: 'अनुष्काला वर्गात ॲना म्हणू लागलेत, चालवून घ्यावं का?' नको. शिक्षिकेला दोन ओळींचा मेल करा, शक्यतो शाळा सुरू व्हायच्या आठवडाभर आधी. नाव तोडून लिहा, 'अ-नुष्-का', आणि मुलीच्याच आवाजातलं रेकॉर्डिंग जोडा. चुकलं तर तिनं तिथल्या तिथे सांगावं. महिना गेला की चुकीचं नाव घट्ट बसतं आणि मग मूलच म्हणतं, 'जाऊ दे ना आई.'

नोकरीत हे प्रकरण महाग पडतं. टोरोंटोतल्या २००९ च्या अभ्यासात नोकरीचे अर्ज सारखेच होते, शिक्षण-अनुभवही कॅनडातला. फरक फक्त नावाचा. इंग्रजी नावांच्या १६ टक्के अर्जांना मुलाखतीचं बोलावणं आलं. भारतीय, चिनी, पाकिस्तानी नावांच्या ११ टक्के. ज्याचं नाव तिथल्या रुळलेल्यांपैकी आहे त्याला हा फरक आयुष्यभर कळत नाही, विशेषाधिकार म्हणतात तो हाच. तेव्हा मोठ्या मुलानं अर्जावर छोटं नाव लिहिलं तर त्याला बोल लावू नका. फक्त पासपोर्टवरचं पूर्ण नाव सोबत असू द्या, नाहीतर कागदपत्रांच्या पडताळणीत नावं जुळत नाहीत.

रंगावरून कुणी बोललं तर त्याच रात्री तारीख, नेमके शब्द आणि तिथे कोण होतं ते लिहून ठेवा. शाळेला लेखीच कळवा.

आता तिथल्या आपल्या महाराष्ट्र मंडळात या. तिथे रंग सगळ्यांचा सारखाच, म्हणून नजर आडनावावर जाते. 'पूर्ण नाव काय तुमचं? मूळचे कुठले?' विचारणारा सहज विचारतो. उत्तर देणारा क्षणभर थबकतो, काय सांगायचं याचा हिशेब करतो. कितीतरी दलित कुटुंबं परदेशातही आडनाव टाळतात ती याच क्षणापायी. बाहेर जे आपण सोसतो तेच आत दुसऱ्याला सोसायला लावतो, हे मनाला फार लागतं. सिएटलनं २०२३ मध्ये जातिभेदावर बंदी घातली, अमेरिकेतलं असं पहिलंच शहर. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी तशा विधेयकावर नकाराधिकार वापरला. म्हणजे बऱ्याच ठिकाणी भिस्त आपल्यावरच आहे.

सभासद अर्जातून जात-गोत्राचे रकाने काढा. छातीवरच्या बिल्ल्यावर फक्त पहिलं नाव छापा. कुणी विश्वासानं जात सांगितली तर ती, त्यांना विचारल्याशिवाय, घरातही बोलू नका. वर्षाच्या कार्यक्रमपत्रिकेत १४ एप्रिल घ्या. मात्र भाषणासाठी 'तुमच्यातलं कुणी बोलेल का?' असं विचारू नका. त्या दिवशी तयारी करून आपणच उभं राहा.