उलटा संकर केलास का?

चि.,

तुझी मेल वाचली. ‘सर, अंडी उबतच नाहीत, माझ्याच हाताला काहीतरी खोट आहे’ हे वाक्य वाचून आधी पोटात कालवलं, मग चिडलो. एका वाणाचे नर, दुसऱ्याच्या माद्या, इतकंच लिहिलंयस. वाण अदलून, म्हणजे पहिल्याच्या माद्या आणि दुसऱ्याचे नर घेऊन, उलटा संकर केलास का?

पिठातल्या भुंगेऱ्यांत, त्यातही ट्रायबोलियम कन्फ्यूझममध्ये (गल्लत होते म्हणूनच हे नाव पडलं बरं का!), हा प्रश्न पहिला. वोल्बाकिया हा कीटकांच्या पेशींत राहणारा जीवाणू आईच्या अंड्यातून पुढे जातो, बापाकडून नाही. बाधित नर आणि निरोगी मादी असली की अंडी मरतात; मादी बाधित असेल तर त्याच नरापासूनची अंडी उबतात. एकाच बाजूने संकर केलास तर हे दिसणार कसं?

हर्टिग आणि वोल्बाक यांना हा जंतू १९२४ मध्ये क्युलेक्स डासात दिसला. त्याच डासातल्या न उबणाऱ्या अंड्यांशी त्याचं नातं येन आणि बार यांनी जोडलं ते १९७१ मध्ये. पण दोष आईच्या बाजूने वारशात येतो हे लावेन यांनी आधीच दाखवलं होतं. जंतूचा पत्ता नसताना, निव्वळ उलटसुलट संकरांवर!

मी मात्र उलटा संकर नाही केला. पीएचडीत माझा एक संकर चार महिने रिकामा गेला. इनक्युबेटरवर खापर फोडलं, मैदा बदलला, शेवटी तो वाणच फेकून दिला. भुंगेऱ्यांवरचा वेड आणि स्टीव्हन्स यांचा १९८५ चा पेपर तेव्हा माझ्या फायलीत होता. वाचलेला, खुणा केलेला. आता या एका गोष्टीपायी मी विद्यार्थ्यांना छळतो म्हणतात. छळतो. माझे पेपर मोजकेच आहेत, पण त्यातला एकही संकर एकतर्फी नाही. असो, हे तुला कशाला सांगतोय.

डीएनए सिक्वेन्सिंगची घाई नको. त्यातून जंतू आहे एवढं कळेल, अंडी त्यानेच मारली हे नाही. नर-माद्या कोषातच वेगळ्या कर, म्हणजे मादी कोरी असल्याची खात्री राहील. चारही जोड्या (दोन वाणांतल्या वाणांत, दोन सरळ-उलट) लाव, मैदा चाळून अंडी मोज. मग पिठात टेट्रासायक्लिन देऊन नरांचा वाण जंतुमुक्त कर, दोन पिढ्या साध्या पिठावर जाऊ दे (औषध मायटोकॉन्ड्रियालाही बाधतं) आणि पुन्हा उलटसुलट संकर कर. हो, पुन्हा.

दोन्ही बाजूंनी अंडी मेली, तर दोन वाणांत वेगवेगळे वोल्बाकिया असू शकतात. तेव्हा मेल नको, फोन कर. रात्री अकरालाही चालेल.