किनाऱ्यावर शिबिर घ्यायचंय? आधी तिथी बघा

तुमचा प्रश्न असा: सोलापुरातलं युवक मंडळ, सिंधुदुर्गातलं आडबाजूचं मच्छीमार गाव, मे महिन्यात पाच दिवस, चाळीस स्वयंसेवक, किनारा स्वच्छता आणि गावातल्या मुलांसाठी 'जनजागृती'. काय काय न्यावं आणि खर्च किती येईल?

'मे महिना' वाचलं आणि लिहायला बसलो. मे तुमच्या सोयीचा आहे, गावाच्या नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, म्हणून मे अखेरीला होड्या वर ओढणं, जाळी गुंडाळणं, मासळी सुकवणं, आगोटीची म्हणजे पावसाळ्याची बेगमी, सगळं एकदम येतं. वर आंबा-काजू आणि मुंबईहून आलेले चाकरमानी. तुमच्या शिबिराला पोरं येतील ती घरच्यांनी हाक मारेपर्यंत.

'जनजागृती' हा शब्द पण काढा. त्यावर माझं आमच्या शिबिराच्या प्रमुखांशी जुनं भांडण आहे, ते आधी सांगतो, कारण तुम्ही नेमकं तेच करायला निघालाय.

आमच्या एका शिबिरात शनिवार-रविवार बघून स्वच्छतेचा दिवस ठरवला. तिथी होती दशमी. खताच्या रिकाम्या गोण्यांत कचरा भरला आणि गोण्या ओल्या वाळूच्या रेषेपासून दहा-बारा पावलं वर रचल्या. टेम्पो पुढच्या आठवड्यात येणार होता. एक म्हातारे रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे मच्छीमार, येऊन म्हणाले, "उधाण येतला, गोणी वर घेवा." आमच्या प्रमुखांना वाटलं, आजोबा उगाच घाबरवतायत. पौर्णिमेच्या उधाणाने थप्पी उचलली, गोण्या फुटल्या आणि कचरा पुन्हा किनाऱ्यावर पसरला, या वेळी वाळूत मिसळून. अहवालात काय लिहिलं? 'ग्रामस्थांमध्ये जाणिवेचा अभाव.' अहो, जाणीव असलेला एकमेव माणूस तोच होता!

चूक साधी होती. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फार वर चढत नाही. अमावास्या-पौर्णिमेला आणि पुढचे दोनेक दिवस उधाण असतं. दशमीला दिसणारी ओली रेषा म्हणजे समुद्राची हद्द नव्हे. हद्द बघायची तर सुरूच्या बनाच्या कडेला काटक्या आणि थर्माकोलचा जो पट्टा पडलेला असतो तो बघा. गोण्या त्याच्याही पलीकडे, गाडी पोचेल अशा रस्त्यालगत ठेवायच्या.

भरतीची वेळ काढायला अॅप लागत नाही. तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा. अमावास्या पंधरा धरायची, म्हणजे सव्वाअकरा. त्याच्या सव्वासहा तास आधी आणि नंतर पूर्ण ओहोटी. कोकणात शाळकरी पोराला हे येतं. आपण त्यालाच 'समुद्राची ओळख' शिकवायला बस भरून जातो.

आता या हिशोबावर तारीख बसवा. भाऊबीज म्हणजे द्वितीया. शाळेला सुट्टी, पाऊस बहुधा संपलेला, पोरं घरी. चतुर्थीला ओहोटी पावणेनऊच्या सुमारास, तेव्हा खडकाळ भाग दाखवायचा. पंचमीला ओहोटी साडेनऊला. सकाळी सातला सफाई सुरू केली की पाणी मागे सरकत राहतं, उधाणाने आणून टाकलेला कचरा ताजा वर पडलेला असतो आणि पुढचं उधाण दहाएक दिवस लांब असतं. टेम्पो यायला तेवढे पुरतात.

खडकात पोरांना आपण नेऊ नका. कालवं काढणाऱ्या गावातल्या बायकांनाच मानधन देऊन पुढे ठेवा. ओहोटीच्या दीड तास आधी निघायचं, पूर्ण ओहोटी झाली की परत वळायचं. चपला नकोत, मागून बंद असलेले बूट हवेत. कालवाच्या कडेने पाय ब्लेडसारखा चिरतो. वाळूच्या उथळ पाण्यात पाय घासत चाला म्हणजे पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) आधीच निसटतं. काटा बसलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा आणि दवाखाना गाठा.

सफाईत सगळ्यात जड पडतात ती फाटकी जाळी. अर्धी वाळूत पुरलेली असतात, चौघांनी ओढली तरी हलत नाहीत आणि कंबर धरते. कोयत्याने हातभर तुकडे करून काढा. ओलं जाळं आणि वाळू मिळून गोणी दोघांना उचलत नाही, म्हणून अर्धीच भरायची. जाड रबरी हातमोजे घ्या, पातळ प्लास्टिकचे दहा मिनिटांत फाटतात. काच आणि सुया वेगळ्या झाकणाच्या डब्यात. आणि ती जांभळ्या फुलांची वेल तण म्हणून उपटू नका. ती मर्यादवेल, वाळू तीच धरून ठेवते. आमच्या उत्साही मुलांनी ती ढिगाने उपटली होती. नोव्हेंबर ते मार्च कासवं अंडी घालतात, तेव्हा दाताळं वाळूत घालायचं नाही, रात्री टॉर्च पाण्याकडे मारायचा नाही.

पाण्यात उतरणं? विहिरीत सूर मारणारी आपली पोरं समुद्रात सगळ्यात आधी अडचणीत येतात, कारण विहिरीत ओढ नसते. गुडघ्यापर्यंत, जोडीजोडीने, दहा मुलांमागे एक मोठा माणूस. बुडणाऱ्यामागे उडी मारायची नाही. रिकामा वीस लिटरचा कॅन तोंड घट्ट बंद करून तीसेक मीटर दोरीला बांधलेला हाताशी ठेवा, तो फेका. तटरक्षक दलाचा नंबर १५५४.

मुलांना द्यायचंच असेल तर समुद्राचं ज्ञान नको, पुढच्या शिक्षणाची आणि नोकरीची माहिती द्या. तटरक्षक दलात नाविक जनरल ड्यूटीला बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागतं. दहावीच्या पोराला हे जूनमध्ये कळलं तर उपयोग, बारावी झाल्यावर कळून काय? मत्स्यव्यवसाय विभागाचं इंजिन दुरुस्तीचं प्रशिक्षण, आयटीआयचे अर्ज, शिष्यवृत्तीची कागदपत्रं, हे दोन जण चार वेळा जाऊन करतात. चाळीस जण एकदा जाऊन होत नाही. आमच्या प्रमुखांना हेच पटत नव्हतं, त्यांना फलकासमोरचा फोटो हवा होता.

काय न्यावं म्हणालात. सोलापुरी चादर नको, खाऱ्या दमट हवेत धुतली की वाळता वाळत नाही. कडक भाकरी आपल्याकडे आठवडेच्या आठवडे टिकते, तिथे उघडी राहिली तर एका रात्रीत सादळते. हवाबंद डब्यात न्या. शेंगाचटणी बिनधास्त न्या.

पाऊणपटीचा हिशोब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो आणि खाडीत आत भरती उशिरा पोचते, म्हणून गावात विचारून घ्या. पावसाळ्यात यातलं काहीच करू नका. मुलींचा गट असेल तर सोबत मोठी बाई हवीच, आणि सगळ्या पालकांची लेखी परवानगी.

खर्चाचा आकडा मी देत नाही, बस कुठली करता त्यावर आहे. पण यादीत पहिली ओळ कचरा उचलणाऱ्या टेम्पोची टाका आणि तो कचरा घेणार कोण, हे ग्रामपंचायतीकडून लेखी घ्या. ते मिळेपर्यंत टी-शर्ट छापायला देऊ नका.