युसीएलए कॅलिफोर्नियात असून बिग टेनमध्ये कशी? कॉलेजांच्या कॉन्फरन्स सारख्या का बदलतात?

तुमचा भाचा बरोबर सांगतोय, युसीएलए २०२४ पासून खरंच बिग टेन या कॉलेजांच्या खेळांच्या गटात, म्हणजे कॉन्फरन्समध्ये आहे, आणि नावात दहा असले तरी तिथे आता १८ कॉलेजं आहेत. तुमचा प्रश्न असा की लॉस एंजेलिसच्या कॉलेजने पार मिडवेस्टच्या, म्हणजे अमेरिकेच्या मधल्या-उत्तरेकडच्या राज्यांच्या गटात जायचं कारण काय आणि असं कोणीही कधीही बदलू शकतं का. मी ओरेगनमध्ये राहते, या सगळ्यात आमच्या भागाचं फार नुकसान झालंय, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी एक सांगते, हा सगळा खेळांचा मामला आहे, भाच्याच्या डिग्रीचा याच्याशी काही संबंध नाही. कॉन्फरन्स म्हणजे कॉलेजांनी आपापसात केलेला करार, की आपण दरवर्षी एकमेकांशी खेळू, चॅम्पियन ठरवू आणि टीव्हीचे पैसे वाटून घेऊ. पूर्वी टीव्ही नव्हता तेव्हा ट्रेनने जाऊन खेळून येता येईल अशीच कॉलेजं एकत्र यायची, बिग टेनची सुरुवात १८९६ ची, सगळी आसपासच्या राज्यांतली. तेव्हाही लोक आत-बाहेर करायचे पण कारणं वेगळी असायची. शिकागो युनिव्हर्सिटीचंच बघा. १९३५ मध्ये पहिली हाइझमन ट्रॉफी (कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस) ज्याला मिळाली तो जे बर्वँगर शिकागोचा, आणि त्याच शिकागोने १९३९ मध्ये फुटबॉल बंद करून टाकलं कारण अध्यक्ष हचिन्स यांना ते अभ्यासाच्या आड येतंय असं वाटत होतं, मग १९४६ मध्ये त्यांनी बिग टेनही सोडली. आज असं कोणी करेल? मला तरी शक्य वाटत नाही.

सगळं बदललं ते १९८४ ला. तोपर्यंत कुठल्या कॉलेजची मॅच टीव्हीवर किती वेळा दाखवायची हे एनसीएए, म्हणजे कॉलेजांच्या खेळांची देशपातळीवरची संघटना, ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया युनिव्हर्सिटी कोर्टात गेल्या आणि सुप्रीम कोर्टाने ७-२ ने निकाल दिला की हे चालणार नाही. त्यानंतर टीव्हीचे हक्क विकायची ताकद हळूहळू कॉन्फरन्सच्या हातात आली, आणि मग तुमच्या गटात कोण आहे यावर चॅनल किती पैसे देणार ते ठरायला लागलं. टेक्सासची जुनी साउथवेस्ट कॉन्फरन्स १९९६ मध्ये बंदच पडली, तिथली चार कॉलेजं बिग एटच्या आठांना जाऊन मिळाली आणि बिग ट्वेल्व्ह झाली.

मग केबलचा जमाना. बिग टेनने २००७ ला स्वतःचं चॅनल काढलं. ज्या राज्यात आपलं कॉलेज असेल तिथे केबलवाल्याकडून घरटी जास्त पैसे घ्यायचे असा तो हिशोब होता, म्हणून २०१४ मध्ये मेरीलँड आणि रटगर्स आत आली. रटगर्सची टीम काही भारी नव्हती, पण न्यू जर्सीत आहे, म्हणजे शेजारी न्यू यॉर्क, म्हणजे लाखो घरं.

आता आमच्याकडचं. पॅसिफिक किनाऱ्यावरची कॉन्फरन्स १९१५ पासूनची, नावं बदलत बदलत २०११ ला पॅक-१२ झाली. ३० जून २०२२ ला युएससी (लॉस एंजेलिसचीच दुसरी युनिव्हर्सिटी) आणि युसीएलएने जाहीर केलं की आम्ही बिग टेनला चाललो. उरलेल्या दहांनी टीव्हीचा नवा करार शोधायला वर्ष घालवलं, कोलोरॅडो मध्येच बिग ट्वेल्व्हला गेली, आणि शेवटी हातात होती ती ॲपलची स्ट्रीमिंगची ऑफर, ज्यात किती लोक सबस्क्रिप्शन घेतात यावर पैसे वाढणार होते. ४ ऑगस्ट २०२३ ला सकाळी सगळे सह्या करतील अशी अपेक्षा होती, आणि त्याच दिवशी ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनला गेल्या, तेही पूर्ण वाटा मिळणार नाही हे मान्य करून. ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट, युटा त्याच दिवशी बिग ट्वेल्व्हला. महिन्याभरात स्टॅनफर्ड आणि बर्कली एसीसीत, म्हणजे अटलांटिक किनाऱ्याच्या कॉन्फरन्समध्ये, विश्वास बसत नाही पण खरंय.

मागे राहिल्या दोनच, ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. ओरेगन स्टेट आहे कॉर्व्हालिस या छोट्या गावात, त्यांनी त्याच वर्षी स्टेडियमचं नूतनीकरण पूर्ण केलं होतं, १६ कोटी डॉलरच्या आसपास खर्च करून, आणि पहिल्या मॅचच्या आधीच कॉन्फरन्स मोडलेली. टीम वाईट नव्हती, चाहते कमी नव्हते, गाव लहान आणि टीव्हीचं मार्केट लहान एवढंच. मला याचा अजूनही राग येतो. दोघींनी कोर्टात जाऊन कॉन्फरन्सचा कारभार आणि पैसा आपल्याकडे ठेवला, दोन वर्षं दोनच मेंबरांवर काढली आणि बॉइझी स्टेट, सॅन डिएगो स्टेट, फ्रेस्नो स्टेट वगैरेंना घेऊन २०२६ पासून पॅक-१२ परत उभी करायचं ठरवलं. याचं मला खरंच कौतुक आहे.

कोणीही कधीही जाऊ शकतं का, तर कागदावर हो, पण एक्झिट फी असते आणि त्याहून घट्ट गाठ म्हणजे 'ग्रँट ऑफ राइट्स', म्हणजे आपल्या घरच्या मॅचेसचे टीव्ही हक्क काही वर्षांसाठी कॉन्फरन्सला लिहून देणं. सोडून गेलात तरी हक्क तिकडेच राहतात. टेक्सास आणि ओक्लाहोमाला बिग ट्वेल्व्हमधून एसईसीत, म्हणजे दक्षिणेकडच्या कॉन्फरन्समध्ये, एक वर्ष आधी जायचं होतं तर दोघींना मिळून १० कोटी डॉलर सोडावे लागले.

माझं स्पष्ट मत, फुटबॉल वेगळं काढा आणि बाकीचे खेळ आपापल्या भागात ठेवा. फुटबॉलवाले सीझनमध्ये डझनभर मॅचेस खेळतात, त्यांना चार्टर विमान असतं. व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉलच्या मुली मात्र परीक्षेच्या आठवड्यात लॅपटॉप घेऊन एअरपोर्टवर बसणार, लॉस एंजेलिस ते न्यू जर्सी जवळपास चार हजार किलोमीटर आहे, काश्मीर ते कन्याकुमारीपेक्षा जास्त. पैसा आणला फुटबॉलने आणि प्रवास यांच्या माथी.

पुढे कधी काय होईल ते बघायचं असेल तर करारांच्या तारखा बघत राहा. बिग टेनचा सध्याचा टीव्ही करार २०३० मध्ये संपतोय, बिग ट्वेल्व्हचा त्यानंतर वर्षभराने, आणि फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन या एसीसीतल्याच कॉलेजांबरोबरच्या २०२५ च्या तडजोडीप्रमाणे एसीसी सोडायची फी त्याच सुमाराला साडेसात कोटी डॉलरपर्यंत खाली येते.