पदार्थाजवळ राहा

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं लांबलचक पत्र वाचलं. पॅकेज, स्कोप, एम.एस्सी. करून पुढे काय, डेटा सायन्सचा कोर्स, मामा काय म्हणाले, कोणती मैत्रीण कुठे लागली. या सगळ्यात एक वाक्य तू कंसात टाकलंस. लेडची, म्हणजे शिशाची, टेस्ट झाल्यावर बॅचमधले सगळे चहाला गेले आणि तू परीक्षानळी गार होईपर्यंत तिथेच उभी राहिलीस. अगं, खरं पत्र तेवढंच होतं!

‘मला प्रेरणा मिळत नाही’ असं तू पुढच्याच पानावर लिहितेस, तेव्हा मला तुझा रागच आला. पोटॅशियम आयोडाइड घातलं की पिवळा साका बसतो, उकळलं की तो विरघळून द्रावण नितळ होतं, आणि गार होताना तेच लेड आयोडाइड सोनेरी पापुद्र्यांनी चमचमत परत येतं. सगळ्या बॅचने जर्नलमध्ये ‘लेड कन्फर्म्ड’ लिहिलं. मार्क तेवढ्यालाच होते. तू मात्र मार्क संपल्यावर थांबलीस. रसायनशास्त्रात माणसं येतात ती अशीच येतात. आधी एखादा पदार्थ नजर धरून ठेवतो, कारणं मागाहून सुचतात.

ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ डोरोथी हॉजकिन दहा वर्षांच्या असताना शाळेत स्फटिक वाढवायला शिकल्या आणि त्या स्फटिकांतून कधी बाहेरच आल्या नाहीत. इन्सुलिनच्या स्फटिकाचा क्ष-किरणांनी अभ्यास त्यांनी सुरू केला 1934 साली. त्याची रचना उलगडली 1969 साली. मधली पस्तीस वर्षं बघ. तरुणपणीच संधिवाताने त्यांची बोटं आखडली होती, तरी त्याच हातांनी काम चालू राहिलं. पेनिसिलिनची रचना उलगडून झाली, जीवनसत्त्व बी-12 ची झाली, 1964 चं नोबेल झालं, आणि इन्सुलिन अजून बाकीच होतं. कुठल्या स्कोपने माणूस इतकी वर्षं एका पदार्थापाशी थांबेल?

आपल्याकडच्या कमला सोहोनी घे. मुंबईत रसायनशास्त्राची पदवी घेतली आणि 1933 साली बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेल्या, तर मुलगी म्हणून तिथले संचालक सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. आधी अटींवर प्रवेश मिळवला, पुढे 1939 साली केंब्रिजची पीएच.डी. घेतली. लोक म्हणतात, वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, मग घरातूनच आलं असणार. पण दुर्गाबाई भागवत त्याच घरात वाढल्या, सख्ख्या बहिणी दोघी, आणि दुर्गाबाई गेल्या लोकसाहित्याकडे. घर दार उघडून देतं, एवढंच. आत कुठे पाय रेंगाळतो ते ज्याचं त्यालाच कळतं, आणि तुझा कुठे रेंगाळला ते तूच मला लिहून कळवलं आहेस.

माझी पीएच.डी. राहिली. वडील अचानक गेले, धाकट्या भावंडांची शिक्षणं होती, मी औषधकंपनीत लागले. ती बोच आहे आणि राहील. नंतर मला डॉक्युमेंटेशनला बसवायचं घाटत होतं. पगार जास्त, एसी ऑफिस, बायकांना तेच बरं म्हणे! मी नाही गेले. माझ्यामागून आलेले पुढे गेले, घरातूनही ऐकून घेतलं. पण एक इंटरमीडिएट (औषध बनवताना मधल्या टप्प्यावर मिळणारा पदार्थ) काही केल्या क्रिस्टल होत नव्हतं, दर वेळी तळाशी तेल होऊन बसायचं. वर मीटिंगमध्ये सॉल्व्हंट (ज्यात ते विरघळवायचं तो द्रव) बदलायची चर्चा चालू होती आणि मी खाली लॅबमध्ये फ्लास्कच्या आतल्या बाजूने काचेची कांडी घासत बसले होते. आधी किंचित धूसर झालं, मग कांडीच्या ओरखड्यावर बारीक कण धरले आणि बघता बघता फ्लास्क पांढराशुभ्र, घट्ट. पुढे प्लांटवर त्याचंच सीड, म्हणजे तयार स्फटिकाचे कण, टाकून, सावकाश गार करून बॅचेस निघाल्या. सॉल्व्हंट तोच राहिला. त्या दुपारच्या बदल्यात मला कुणाचं केबिन नको होतं, आजही नको. याला कुणी हट्ट म्हणो. पदार्थाजवळ राहिले म्हणून मला ते दिसलं.

संगणकाशी माझं भांडण नाही. हॉजकिनबाईंनी बी-12 साठी त्या काळचे संगणक वापरलेच की. तू कोडिंग शीक, जरूर शीक, पण हातातला पदार्थ सोडून नको. नुसत्या आकड्यांत रमणारी मुलगी नळी गार होण्याची वाट बघत नाही गं. आणि ‘पॅशन शोधते आहे’ हे वाक्य मला परत लिहू नकोस. ती सापडलेली असताना शोधत बसणं म्हणजे वेळ घालवणं.

आता कामाचं. जॅमचा, म्हणजे आयआयटीसारख्या ठिकाणी एम.एस्सी.ला प्रवेश देणाऱ्या परीक्षेचा, फॉर्म भर. परीक्षा फेब्रुवारीत असते, म्हणजे फिजिकल केमिस्ट्री आत्तापासून धरावी लागेल, तिथे तू कच्ची आहेस. दरम्यान वाण्याकडून तुरटी आण (शिशाचं काही घरी आणायचं नाही, ते विष आहे), गरम पाण्यात मुरेल तेवढी विरघळव, दोऱ्याला एक छोटा खडा बांधून सोड आणि रोज काय दिसतं ते वहीत तारीख घालून लिही. एक वाटी फ्रीजमध्ये ठेव, एक ओट्यावर, आणि दोन्हीकडचे खडे वेगळे का होतात ते मला विचारायच्या आधी स्वतः विचार कर.

आईची पगाराची काळजी मात्र खरी आहे, तिला उलट बोलू नकोस. एम.एस्सी.नंतर पहिली काही वर्षं हात आखडूनच राहावं लागतं, हे मी तिला लपवून सांगणार नाही. रविवारी संध्याकाळी तिला फोनवर बसव, मी बोलते.

तुझी,
मॅडम