जुनी गाडी विकायच्या आधी पार्किंगमध्ये जाऊन या

भाऊ, जुनी गाडी देऊन इलेक्ट्रिक कार घ्यायची म्हणता, तर शोरूम नंतर. आधी तुमच्या पार्किंगमध्ये 15 अँपिअरचा सॉकेट कुठे बसतो ते पाहा, अन् अर्थिंग तपासून घ्या. अर्थिंग नीट नसलं तर चार्जर नुसता लाल दिवा दाखवतो. मला हे गाडी दारात आल्यावर कळलं. पंधरा दिवस साळ्याच्या घरी चार्जिंग केलं (चहा मिळाला, टोमणेही).

30 युनिटची रिकामी बॅटरी त्या सॉकेटवर भरायला दहा-बारा तास लागतात, म्हणजे रात्रभर. नागपुरात धरमपेठ ते मिहान जाणं-येणं असेल तर आठवड्यातून दोन-तीनदा लावली की झालं.

मे महिन्याचा हिशेब मात्र वेगळा. पारा 45 वर, एसी फुल, रेंज (एका चार्जिंगमध्ये गाडी जाते ते अंतर) घटतेच. उन्हात तापलेली गाडी लगेच फास्ट चार्जरला लावू नका. बॅटरी गार होईस्तोवर चार्जिंग रेंगाळतं. समृद्धीवर 120 ने हाणलीत तर कागदावरची रेंज विसरा.

जुन्या गाडीला 15 वर्षं होत आली असतील तर फिटनेस आणि फेरनोंदणीचा खर्चही धरा. पण इंजिन ठणठणीत असेल अन् महिन्याला चारशे किलोमीटरही होत नसतील, तर मी तरी अजून दोन वर्षं तीच चालवीन.