कन्फर्मेशन झाल्यावर मुलांची श्रद्धा रोजच्या जगण्यात टिकावी म्हणून आईवडिलांनी काय करावं?

जय ख्रिस्त.

तुमचा प्रश्न तीनदा वाचला. मुलीचं लुथरन चर्चमध्ये कन्फर्मेशन झालं (दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्या मुलाने मोठं झाल्यावर स्वतःच्या तोंडाने श्रद्धा कबूल करायचा विधी), त्यानंतर तिने चर्चची पायरी चढलेली नाही, आणि आता तुम्हाला "एखादा उपक्रम, ॲप किंवा वाचनाचा तक्ता" हवा आहे. तक्ता माझ्याकडे होता. फ्रीजवर चिकटवलेला. मार्ककृत शुभवर्तमान, सोळा अध्याय, सोळा दिवस, वाचून झालं की बरोबरची खूण. आमच्या चिरंजीवांनी पहिल्याच संध्याकाळी सोळाच्या सोळा खुणा करून टाकल्या. वेगवेगळी पेनं वापरायचीही तसदी घेतली नाही. तेव्हा तक्त्याचं काय होतं ते मला माहीत आहे. ॲपबद्दल तर बोलूच नका. ॲप म्हणजे आईबापांचा आळस, दुसरं काही नाही.

तुम्ही कुठल्या देशात आहात ते लिहिलं नाही. मी फिनलंडमधल्या टाम्परेत राहते, चौदा वर्षं झाली. माहेर अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर. आमची नगरची मंडळी सीएनआयची, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची, इथे जवळचं चर्च लुथरन, म्हणून इथे नाव घातलं. खरं सांगायचं तर धर्ममतांचा अभ्यास वगैरे करून नाही. मुलगा चार वर्षांचा असताना त्या चर्चच्या बालवाडीत जायचा, तिथली बाई प्रेमळ होती, एवढंच कारण.

इथे पंधराव्या वर्षी मुलं रिप्पिकोउलूला जातात, म्हणजे कन्फर्मेशनची शाळा. वर्गातली बहुतेक मुलं जातात. ज्यांचे आईबाप लग्नानंतर चर्चमध्ये फिरकलेले नाहीत त्यांचीही. हिवाळाभर अधूनमधून गाठीभेटी, उपासनांना हजेरी, आणि उन्हाळ्यात आठवडाभर तळ्याकाठी शिबिर. शिबिरात दहा आज्ञा, मतांगीकार (म्हणजे 'मी विश्वास धरतो' ही श्रद्धेची कबुली), प्रभूची प्रार्थना हे सगळं असतंच, पण सॉना म्हणजे वाफेची आंघोळ, रात्री शेकोटी, गिटार आणि पहाटेपर्यंत गप्पाही असतात. आमचा मुलगा शिबिराहून आला तो धुराच्या वासाचा, डासांनी फोडून काढलेला आणि गळ्यात लाकडी क्रूस. बॅग आतल्या खोलीत नेण्याआधी मला म्हणाला, "आई, तिथे कोणी हसत नाही प्रार्थना केली तर." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. वाटलं, झालं, पोरगं लागलं मार्गाला.

जूनमधल्या त्या रविवारी सगळी मुलं पांढरे झगे घालून रांगेत उभी. इथे पाळकच डोक्यावर हात ठेवतात, आपल्याकडे बिशपसाहेब यावे लागतात. मी नवऱ्याच्या फोनवरून नगरला दादाला व्हिडिओ लावून दिला होता. इथे सकाळचे दहा, तिकडे साडेबारा. दादा इस्त्रीचा सदरा घालून एकटाच खुर्चीत ताठ बसला होता. डोळे पुसत होता, ते मला दिसत होतं.

आणि ऑगस्टपासून मुलाने रविवारी उठणं बंद केलं.

तुमच्या प्रश्नाने जी जखम उघडली ती ही. क्रूस बूट काढायच्या जागी, चाव्यांच्या खुंटीला अडकवलेला. चर्चचं नाव काढलं की "थकलोय." सॅलीबँडीच्या सरावाला मात्र रविवारी दुपारी एक वाजता ताजातवाना. हा आपल्या हॉकीसारखा खेळ, पण बंद सभागृहात, इथली पोरं त्याच्यासाठी वेडी असतात. दादा दर शनिवारी विचारायचा, "जातो का चर्चला?" मी दोन आठवडे खोटं बोलले. तिसऱ्या आठवड्यात खरं सांगितलं, तर म्हणाला, "अगं, पप्पांनी आपल्याला कसं वाढवलं आणि तू पोराला मोकळं सोडलंस."

पप्पांनी कसं वाढवलं ते सांगते. रात्री साडेआठला सतरंजी घातली की घरातला प्रत्येक माणूस त्यावर. ताप असला तरी. एकेकाने शास्त्रातलं एकेक वचन वाचायचं, मग 'उपासना संगीत' या गीतांच्या पुस्तकातलं एक गीत, मग पप्पांची प्रार्थना. ती कमीतकमी वीस मिनिटं. नगरमधले सगळे आजारी, सगळे बेकार आणि सगळे बिघडलेले तरुण नावानिशी देवापुढे मांडले जायचे. दृढीकरणानंतर मला वाटलं होतं की आता सुटका, मोठी झाले मी. उलट त्या दिवसापासून प्रार्थनेची पाळी माझ्यावरही आली. एकदा परीक्षेच्या आदल्या रात्री मी म्हटलं, "आज नको." पप्पा काही बोलले नाहीत. दादा बोलला. तो अजून बोलतोय.

तर मी दादाचं ऐकलं. सप्टेंबरमध्ये मुलाला सांगितलं की चर्च नाही तर सॅलीबँडी नाही, आणि त्याची स्टिक माझ्या कपाटात ठेवली. तो आला चर्चला. तीन रविवार आला. हूड डोक्यावर, हात खिशात, प्रभूची प्रार्थना सुरू झाली की बुटांकडे बघत उभा. मी दादाला आनंदाने फोटो पाठवले. पाठमोरे, म्हणजे चेहरा दिसायला नको.

चौथ्या शनिवारी नेहमीसारखा दादाचा व्हिडिओ आला. आमच्याकडे साडेसहा, त्यांच्याकडे नऊ, सतरंजी घातलेली. आम्ही तिघं सोफ्यावर बसलो, दादाने प्रार्थना केली, आम्ही आमेन म्हटलं, फोन बंद झाला. मुलगा उठता उठता, अजिबात आवाज न चढवता म्हणाला, "आई, आपण फक्त मामा ऑनलाइन असला की प्रार्थना करतो."

नवरा मोबाइलमध्ये बघायला लागला. मी भाजी गरम करायला गेले.

पोराने जे म्हटलं ते शब्दशः खरं होतं. जेवणाआधी आभार मानणं कधी सुटलं ते मला आठवतही नव्हतं. शिफ्ट ड्यूट्या, कधी मी घरी नाही, कधी तो नाही. चर्चची तक्रार मी त्याच्याकडे करत होते आणि माझी स्वतःची प्रार्थना आठवड्यातून एकदा, वाय-फायवर, भावाच्या भीतीने.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. लुथरन चर्च ज्याच्या नावाने ओळखलं जातं त्या मार्टिन लूथरने 1529 मध्ये प्रश्नोत्तरांचं जे छोटं पुस्तक काढलं, तेच तुमच्या मुलीने पाठ केलं असणार. त्याच्या प्रकरणांच्या मथळ्यांत काय लिहिलंय बघा. घरातल्या कर्त्याने हे आपल्या घरच्यांना सोप्या रीतीने शिकवावं, असं. पाळकाने नव्हे, शिबिराने नव्हे. सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थना त्यात आहेत, त्या दोन मिनिटांच्या आहेत. सकाळी उठून क्रूसाची खूण, मतांगीकार, प्रभूची प्रार्थना, वाटल्यास एक छोटी प्रार्थना, आणि मग एखादं गीत म्हणत आनंदाने कामाला लाग. रात्री तसंच, आणि मग ताबडतोब व आनंदाने झोपी जा. हे मला मुलानेच दाखवलं. एका रात्री अकरा वाजता मी त्याला विश्वासावर व्याख्यान देत होते, त्याने शिबिरातून आणलेलं पुस्तक उघडून ती ओळ वाचली आणि म्हणाला, "लूथर झोप म्हणतोय. तुझं अजून चालूच आहे."

स्टिक मी परत दिली. ऑक्टोबरात रात्री नऊला, ओटा पुसून झाला की मी स्वयंपाकघरातच खुर्चीवर बसून प्रार्थना करायला लागले. कुणाला बोलावलं नाही. दार बंद केलं नाही आणि मुद्दाम उघडंही ठेवलं नाही (हे दुसरं जास्त अवघड). तो पाव घ्यायला यायचा, मी डोळे मिटलेले बघून टोस्टर न लावता तसाच कोरडा पाव घेऊन जायचा. महिनाभर एवढंच. डिसेंबरात एकदा तो फ्रीजला टेकून उभा राहिला आणि आमेन म्हणाला. तक्ता तोवर तिथेच होता, त्याच्या सोळा खुणांसकट.

दुसरी गोष्ट घडली ती माझ्यामुळे नाही. इथे कन्फर्मेशन झालेली मुलं पुढच्या वर्षीच्या शिबिरात 'इसोनेन' होऊ शकतात, म्हणजे ताई-दादाच म्हणा. त्यासाठी हिवाळाभर प्रशिक्षण असतं. मग शिबिरात पाच-सहा मुलांचा गट सांभाळायचा, सकाळी उठवायचं, भांडी घासायला लावायची, संध्याकाळी नाटुकली बसवायची आणि रात्रीची छोटी उपासनाही घ्यायची. आमचा गेला तो मित्र गेला म्हणून. विश्वासाची हाक बिक काही नाही. पण चर्चमध्ये त्याला बसवायला मी जिवाचं रान करत होते, आणि तिथे कोणीतरी त्याला उभं राहायला काम दिलं, एवढा फरक. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला बाकावर बसून ऐकायला सांगा, तो झोपेल. त्याच्या हातात किल्ल्या द्या, मग बघा.

त्या उन्हाळ्यात चर्चची युवक कार्यकर्ती मला दुकानात भेटली. म्हणाली की तुमच्या मुलाने एका रात्री उपासना घेतली, तेव्हा फ्रीजवरच्या तक्त्याची गोष्ट सांगितली, एकाच पेनाने सोळा खुणा, पोरं हसून लोळली. मी दुधाच्या शेल्फासमोर लाल झाले. त्या गोष्टीनंतर तो पुढे काय बोलला ते तिने सांगितलं नाही आणि मी त्याला अजून विचारलेलं नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं, की तुमच्या चर्चमध्ये असं काही काम असेल तर मुलीला ते मिळेल असं बघा, पण फॉर्म तुम्ही भरू नका. काही नसेल तर पाळकांच्या मागे लागा. ध्वनिक्षेपक, लहानांचा वर्ग, उपासनेनंतरची कॉफी, काहीही, पण खरं काम हवं, ती आली नाही तर अडेल असं. रविवार मोजणं बंद करा. आणि स्वतःच्या प्रार्थनेचं बघा, ती कोणी बघत नसताना. रोजच्या जगण्यातली श्रद्धा म्हणजे तरी दुसरं काय असतं? अभ्यास लबाडी न करता केला, वर्गात एकट्या पडलेल्या पोरीशेजारी जेवायला बसली, भावंडाशी खोटं बोलली नाही. लूथरचा सगळा भर यावरच होता. भाकरी भाजणं आणि लंगोट धुणं हीसुद्धा देवाची सेवा, ती करायला मठात जावं लागत नाही. हे मी दादाला सांगितलं तर म्हणाला, "मग चर्च कशाला बांधली?"

दादाला एक गोष्ट मी सांगितलेली नाही. त्याच छोट्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत लूथर लिहितो की जे शिकायलाच नकार देतात त्यांना आईबापांनी खायला-प्यायला देऊ नये. दादाला हे कळलं तर तो फ्रेम करून पाठवेल. पण त्याच परिच्छेदात हेही आहे की विश्वास धरायची सक्ती कुणावर करता येत नाही आणि करूही नये. म्हणजे आमच्या दोघांचं भांडण त्या माणसाने एकट्याने घातलेलं आहे.

आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मी इथे वृद्धाश्रमात काम करते. एक आजी आहेत, नव्वदीच्या पुढच्या, स्मृतिभ्रंश इतका की मुलगी समोर बसली तरी ओळखत नाहीत. जुन्या काळी इथे पाळक हिवाळ्यात घरोघरी जाऊन गावाची प्रश्नोत्तरांची परीक्षा घ्यायचे, वाचता येत नसेल तर लग्नाला परवानगी नसायची. या आजींच्या लहानपणी खेड्यांत त्या बैठका अजून चालत होत्या. त्यांना आंघोळ घालताना मी एकदा फिनिशमध्ये प्रभूची प्रार्थना सुरू केली, माझं एक वाक्य अडखळलं, तर त्यांनी डोळे मिटूनच पुढचं सगळं म्हटलं, शेवटपर्यंत, एक शब्द न चुकता. आणि माझा हात धरून ठेवला. त्या दिवशी बसमध्ये मला पप्पांची सतरंजी आठवली. पाठांतर कधी उपयोगी पडेल ते पाठ करताना कळत नाही. तेव्हा दादा अगदीच चुकलाय असं मी म्हणणार नाही. निदान इथे, जिथे तो वाचत नाही.

शिवाय आमचा मुलगा बडबड्या आहे, गटात रमतो. तुमची मुलगी अबोल असेल तर हे शिबिर-बिबिर तिला शिक्षाच वाटेल, तिच्यासाठी एखादी समजूतदार मोठी बाई, आई सोडून दुसरी कोणीही, जास्त कामाची. आणि तिचा विश्वासच उडाला असेल, नुसता कंटाळा नसेल, तर माझं हे सगळं बाजूला ठेवा आणि आधी तिचं ऐकून घ्या. इथे अठराव्या वर्षी मुलं स्वतःच्या सहीने चर्चमधून नाव काढू शकतात. पुष्कळ काढतात. माझाही काढेल की काय, मला माहीत नाही. रविवारी तो अजूनही येत नाही, महिन्यातून एखाद्या वेळी आला तर आला.

या जूनमध्ये तो पुन्हा शिबिरात इसोनेन आहे आणि कन्फर्मेशनच्या दिवशी मुलांच्या रांगेपुढे क्रूस धरून चालणार आहे. दादाच्या व्हिसाचे कागद भरून झालेत. त्याला पहिल्या बाकावर बसवणार आहे. उपासना सगळी फिनिशमध्ये असते, त्याला एक अक्षर कळणार नाही, म्हणजे निदान तासभर तरी तो काही बोलणार नाही.